इंदूबाईंच्या कुंडीतलं संत्रं

मंगळवारी सकाळी सात वाजता इंदूबाईंच्या मुलाचा, निलेशचा, फोन आला. त्याने सांगितलं की आई गेली. कॅनडात त्यांच्याकडे तेव्हा अजून सोमवार होता. मी शाळेत जायला निघाले होते. मी शाळेत गेले, हजेरी घेतली, दोन तास शिकवले आणि तिसऱ्या तासाला सांगून घरी आले.

त्याला चार महिने होत आले. इंदूबाईंबद्दल लिहावं असं तेव्हापासून मनात आहे. लिहायला बसले की बाई बसच्या खिडकीशी बसलेल्या दिसतात आणि लिहिणं थांबतं. म्हणून बसपासूनच सुरुवात करते.

आम्ही दोघी पांढुर्ण्याला राहायचो आणि सौंसरच्या एकाच शाळेत शिकवायचो. त्या गणित, मी मराठी. शिवाय ग्रंथालयाचं कपाट माझ्याकडे. अकरा वर्षं एका बसने गेलो, एका बसने आलो. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी बसमध्ये दांडीला धरून पुस्तक वाचत उभी होते. खिडकीजवळच्या एका बाईंनी शेजारच्या जागेवरची स्वतःची छत्री उचलली आणि म्हणाल्या, "बस वो इथे. अशी वाचत राहिली तं सौंसर निघून जाईल, मंग छिंदवाड्यात शिकवजो."

ती छत्री बारा महिने त्यांच्याजवळ असे. तिचं काम जागा धरणं एवढंच होतं.

बाई वह्या बसमध्ये तपासायच्या. रस्ता खराब होता, त्यामुळे त्यांच्या बरोबरच्या खुणा थरथरलेल्या असत. मुलांना ते माहीत होतं. "माझी वही बसमधली आहे" असं मुलं एकमेकांना सांगायची, कारण घरी तपासलेल्या वहीत बाई जास्त बारकाईने बघत. चुकलेल्या गणितावर त्या काट मारत नसत. शेजारी 'पुन्हा पाहा' एवढंच लिहीत. एका मुलाची अख्खी वही 'पुन्हा पाहा'ने भरली होती. मी म्हटलं, "बाई, याला सांगून तरी टाका की जमत नाही म्हणून." तर म्हणाल्या, "काहून वो? तो पाहून राहिला नं? पाहू दे. घाई काय आहे?"

'घाई काय आहे' हे त्यांचं नेहमीचं. बस पंक्चर झाली तरी तेच, पगार लांबला तरी तेच.

वह्या संपल्या की त्या बाहेर बघायच्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची वावरं आणि संत्र्याचे बगीचे. त्यांचे यजमान लवकर गेले होते आणि त्यांचा संत्र्याचा बगीचा बाईंनी नोकरी सांभाळून चालवला होता. दिवसभर तिथे रामाकोन्याहून येऊन राहिलेला भीमराव असे. पण निर्णय बाईंचे. बसमधून त्या प्रत्येक बगीच्याचा निकाल लावत. "यानं पाणी लवकर सोडलं. घाईवाला माणूस दिसते." "या झाडाले कोणी बोलत नाही वाटते." त्या बगीच्यांच्या मालकांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं, पण अकरा वर्षांत कोण उतावीळ, कोण आळशी, कोण नवा शिकतो आहे, हे मला पाठ झालं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. संत्र्याला फुलावर आणायचं तर थंडीत त्याचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. झाड तहानलं की पानं मलूल होतात, काही गळतात. बघणाऱ्याला वाटतं बगीचा गेला. मग नेमक्या दिवशी पाणी सोडायचं, की पंधरा-वीस दिवसांत झाड पांढऱ्या फुलांनी भरतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वास येतो. नेमका दिवस कोणता, ते बाई पानावरून ठरवत. "दुपारी कोणतंही पान मान टाकते. सकाळी पाहावं. सकाळीही उठलं नाही, तं आता पाणी." त्या दिवसांत शाळेत येण्याआधी त्या बगीच्यात जाऊन पानं हाताने बघून येत. बसमध्ये बसल्या की बोटांना पानांचा वास असे.

त्यांचं माहेर सावरगाव. म्हणजे जाम नदीच्या पलीकडे. पुलावरून चालत पाच-सात मिनिटं. "मी नदी ओलांडून आलेली सून आहे," असं त्या मोठ्या तोऱ्यात सांगत. निलेश कॅनडाला बोलवायला लागला तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं, "एकदा नदी ओलांडली, झालं नं आता. किती ओलांडू?"

पण निवृत्तीनंतर पाचव्या वर्षी त्या अंगणात पडल्या आणि मनगट मोडलं. निलेश आला. दहावीनंतर तो शिकायला बाहेर गेला, तेव्हापासून घरी पाहुण्यासारखाच आलेला. चांगला मुलगा आहे. आईवर त्याचा जीव आहे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणी त्याला वाईट समजू नये. तो म्हणाला, "एक हिवाळा माझ्याकडे काढ. फेब्रुवारीत, बहाराच्या आधी, मी स्वतः आणून सोडतो." बाईंनी माझ्यासमोर दोनदा विचारलं, "फेब्रुवारीत नक्की?" तो म्हणाला, "नक्की आई."

ऑक्टोबरात त्या कॅनडाला गेल्या. जाताना भीमरावला ताणाच्या तारखा कागदावर लिहून दिल्या. तो म्हणाला, "मास्तरीणबाई, मले वाचता कुठं येते?" बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माधुरी वाचून दाखवेल. आणि तुले येते सगळं. हा कागद माझ्यासाठी आहे."

दर रविवारी दिवेलागणीला त्यांचा फोन यायचा. तिकडे सकाळ असे. पहिलंच वाक्य ठरलेलं, "आज काय भेटलं सांगू?" आठवडाभरात सापडलेली एखादी गोष्ट त्या माझ्यासाठी ठेवून देत. तक्रार कधी केली नाही. निलेश, सून आणि नात तिघंही रविवारीसुद्धा सकाळीच निघून जात, ही गोष्ट मला त्यांच्या बोलण्यातून नव्हे, मागच्या शांततेतून कळली.

"इथली बस वाकते वो!" हा पहिल्या फोनमधला शोध. "म्हातारं माणूस दिसलं की दाराच्या बाजूनं खाली बसते. नमस्कार केल्यावानी. तीस वर्षं बसनं फिरली, एकाही बसनं मले विचारलं नव्हतं."

दुसऱ्या आठवड्यात खार. "इथली खारुताई काळीकुट्ट आहे. पाठीवर पट्टे नाहीत. रामाचा हात इथवर पोचला नाही वाटते." मग बर्फ पडला. मी घाबरत विचारलं, तर म्हणाल्या, "बरं आहे. एरवी इथे माणसं दिसत नाहीत. आता सकाळी पावलं तरी दिसतात. डाकवाला येऊन गेला, मांजर येऊन गेली, समोरची बाई अर्ध्यातून परत गेली. काहून परत गेली असंल, ते पाहून राहिली मी."

तिथल्या वाचनालयात त्यांना एक मराठी पुस्तक सापडलं. पूर्ण वाचनालयात एकच, ते लोणच्यांचं. बाईंना लोणच्यात काडीचा रस नव्हता. पण त्या तीन आठवड्यांनी ते परत करत आणि पुन्हा घेत. "कोणी नेलंच नाही तं काढून टाकतील. तू ग्रंथपाल आहे, तुले तं समजलं पाहिजे."

त्याच वाचनालयात नव्याने आलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग होता. बाई पुढच्या बाकावर बसायच्या. एकदा प्रत्येकाने आपल्या गावच्या सणाबद्दल सांगायचं होतं. बाईंनी गोटमार सांगितली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या माहेरचे लोक आणि त्यांच्या सासरचे लोक नदीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांना दगड मारतात. नदीत मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा असतो.

"शिकवणाऱ्या बाईनं विचारलं, पोलीस नसतात का? मी म्हटलं, असतात नं, उभे असतात. मंग तिनं विचारलं, आणि तुम्ही कोणाच्या बाजूनं? मी म्हटलं, मी त्या दिवशी बगीच्यात जाते." बाई फोनवर खूप हसल्या. "वर्ग सुटल्यावर तिनं मले बाजूले नेलं आणि एक कागद देला. त्याच्यावर फोन नंबर होता. घरात मारझोड होत असंल तं या नंबरवर सांगा म्हणून!"

मीही हसले. मग त्या म्हणाल्या, "माझ्या भावाचा डोळा गेला, ते नाही सांगितलं मी. तेवढं इंग्रजी येत नाही मले."

डिसेंबरात त्यांच्या सुनेने, मेघनाने, त्यांच्यासाठी कुंडीतलं संत्र्याचं झाड आणलं. गुडघ्याएवढं, सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या फळांचं. सासूला काय आवडेल याचा विचार करून तिने ते कुठून कुठून शोधून आणलं होतं. त्या रविवारी बाईंना 'आज काय भेटलं' म्हणायचाही धीर नव्हता. कॅमेरा थेट झाडावर. "पाह्य. पान पाह्य. वास नाही येत तुले, पण पाह्य." दिवाणखान्यात, खिडकीपाशी ते ठेवलं होतं. बाईंनी त्याचं नाव ठेवलं 'पाहुणा'.

पुढचे दोन रविवार त्या झाडाबद्दल काही बोलल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्याचं चालू आहे. भीमरावनं पाणी तोडलं नं तिकडे?" मी म्हटलं, तोडलं, कागद वाचून दाखवला. "मंग बरोबर. दोघांचं सोबतच होईल." मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जानेवारीच्या मध्याला कुंडीतलं झाड वाळलं. एक पान उरलं नाही.

शेजारी एक पोर्तुगीज म्हातारा राहत होता. तो दर थंडीआधी आपलं अंजिराचं झाड वाकवून जमिनीत पुरायचा आणि वसंतात उकरून उभं करायचा. बाईंनी ते मोठ्या कौतुकाने मला सांगितलं होतं. वाळलेलं झाड घेऊन बाई त्याच्या दारात गेल्या. त्याने कुंडीतली माती बोटाने उकरली आणि भिंतीकडे हात दाखवला. तिथे गरम हवेची जाळी होती. "त्यानं दाखवल्यावर समजलं मले," बाई म्हणाल्या. "बाहेर थंडी, पण घर तं चोवीस तास तापलेलं. आणि वावरात झाडाची मुळी पाण्याच्या मागं खाली खाली जाते. कुंडीत कुठं जाईल? चूक झाली वो. मोठी चूक झाली." बाईंच्या तोंडून 'चूक' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मग म्हणाल्या, "त्याले खुणेनं सांगितलं तं समजलं, की मी काहून पाणी तोडलं. घरच्यांना मराठीत सांगितलं, त्यांना नाही समजलं."

घरच्यांना जे दिसलं ते असं: आईला झाड इतकं आवडलं आणि ती महिनाभर त्याला पाणी घालायला विसरली. मेघना मधे मधे विचारायची तर आई "असू दे, घाई काय आहे" म्हणायची. आणि झाड मेल्यावर विचारलं तर शांतपणे म्हणाली, "मी मुद्दामच नाही देल्लं." याने ते दोघं जास्त घाबरले. डॉक्टरांकडे नेलं. तिथे स्मरणशक्ती तपासायला कागदावर घड्याळ काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले. तीस वर्षं मुलांना घड्याळ शिकवलेल्या बाईंनी ते काढलं, पण काटे काढायच्या आधी पेन खाली ठेवलं. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला विचारायचा धीर झाला नाही.

जानेवारीच्या शेवटी निलेशने मला फोन केला. त्याने आधी ताणाबद्दल विचारलं. मी सगळं समजावलं. पाणी का तोडतात, कधी सोडतात. तो म्हणाला, "ताई, हे मला माहीतच नव्हतं. आमचाच बगीचा, आणि मला माहीत नव्हतं." मला वाटलं, झालं. आता तो तिकीट काढेल.

मग त्याने विचारलं, "पण ताई, एक खरं सांगा. तिकडे असताना आई विसरायची का? कधी काही झालं होतं?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. मला पटकन बोलता येत नाही. मी गप्प राहिले आणि तेवढ्यानेच त्याला कळलं. मग त्याने पुन्हा विचारलं आणि मी सांगितलं.

बाई पडल्या त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सकाळी मी बसस्टँडवर गेले तर बाई उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, डब्याची पिशवी, हातात छत्री. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. मला बघून म्हणाल्या, "आज उशीर केला वो तू." बस आली. त्या चढायला निघाल्या, मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. मी त्यांना रिक्षाने घरी नेलं. पिशवीतला डबा त्यांनी माझ्यासमोर उघडला. दोघींची पोळीभाजी होती. म्हणाल्या, "आता केली आहे तं जेव." नऊ वाजता आम्ही जेवलो. मी निघताना त्यांनी दाराशी थांबवलं. "निलेशले सांगू नको. तो नेईल मले."

त्या खरंच विसरल्या होत्या, की घरात एकट्याने सकाळ काढवेना म्हणून निघाल्या होत्या, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. निलेशला मी हेही सांगितलं. पण फोनवर त्याच्यापर्यंत पोचलं ते पहिलंच. त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच ऐकू आलं असतं. तो म्हणाला, "थँक्यू ताई. तुम्ही सांगितलं ते बरं झालं. असं असताना मी तिला तिकडे एकटं कसं सोडू?" मी म्हटलं, मी आहे, भीमराव आहे. तो म्हणाला, "तुम्ही किती दिवस बघाल, ताई?"  माझी नोकरी होती, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या. मी "बघेन" म्हणाले, पण किती दिवस ते सांगितलं नाही.

फेब्रुवारी आला. तिकीट निघालं नाही. इकडे बगीचा फुलला. भीमरावने मला बोलावून नेलं. मी फोनवर व्हिडिओ काढत असताना तो झाडांमधून पुढे पुढे चालत बाईंना सांगत होता, "पाहा बाई, ही तुमची तिसरी ओळ. हे लंगडं झाड, हेही भरलं. वास पोचून राहिला का तिकडं?" बाईंनी तो व्हिडिओ पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी आला. 'आज काय भेटलं' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "माधुरी, तू खोटं बोलली असती तं मले राग आला असता."

मी म्हटलं, "हो बाई."

"खरं बोलली. तरी आलाच."

 माझ्या हातून काही होण्यासारखं नव्हतं. माफी मागितली असती तर त्यांना मला समजवावं लागलं असतं. तेवढंही ओझं त्यांच्यावर टाकवेना. मग त्याच म्हणाल्या, "सासू कशी आहे? जेवते का?" आणि विषय संपला. नंतरच्या वर्षभरात तो परत निघाला नाही.

फोन पुन्हा दर रविवारी येऊ लागले. नवीन नवीन गोष्टीही पुन्हा यायला लागल्या, पण आता त्या लहान होत गेल्या. नातीने दातांना तार बसवून घेतली, ती हसताना चमकते. मेघनाने फोडणीत मोहरी आधी घालायचं शिकून घेतलं. शेजारच्या म्हाताऱ्याने अंजीर उकरलं आणि पहिलं फळ बाईंना दिलं. "कसं होतं?" मी विचारलं. "पाणचट," त्या म्हणाल्या. "पण त्याले सांगितलं, फस्ट क्लास." परत येण्याबद्दल त्या बोलत नसत. मीही बोलत नसे. उन्हाळा गेला, दुसरी थंडी आली. भीमरावने पाणी तोडलं ते मी सांगितलं, तेव्हा "हं" म्हणाल्या आणि नातीचं काहीतरी सांगू लागल्या.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या थंडीत, व्हिडिओवर. फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता. धुतलेले केस मोकळे, अंगात निलेशचा मोठा स्वेटर. खिडकीतून उन्हाचा एक चौकोन गालिच्यावर पडला होता आणि बाईंनी खुर्ची त्यात ठेवली होती. बोलता बोलता त्या उठल्या, खुर्ची वीतभर डावीकडे सरकवली आणि पुन्हा बसल्या. थोड्या वेळाने पुन्हा. "ऊन सरकून राहिलं," त्यांनी सांगितलं. तिसऱ्यांदा खुर्ची सरकवली तेव्हा त्या फोनच्या चौकटीबाहेर गेल्या. आवाज येत होता, खुर्चीचा एक पाय दिसत होता. मी म्हटलं, "बाई, दिसत नाही तुम्ही." त्या म्हणाल्या, "राहू दे. इथे ऊन आहे." आम्ही तशाच आणखी दहा मिनिटं बोललो.

त्याच्या आठव्या दिवशी, सोमवारी, चहा पिताना त्यांचं हृदय थांबलं.

अस्थी निलेशने तिथल्याच एका तळ्यात सोडल्या. त्याने मला विचारलं होतं, आईला काय आवडलं असतं. मी म्हटलं, तुला योग्य वाटेल तसं कर. आणखी काय म्हणायचं होतं? बगीचा भीमराव बघतो. तो मला तारखा विचारायला येत नाही. त्याला त्या येतातच.

आमच्याकडे मतदार यादीचं काम शिक्षकांवर येतं. बाईंच्या घराचा भाग माझ्याकडे आहे. घरोघर जाऊन जे गेले त्यांची, जे गाव सोडून गेले त्यांची नावं कमी करण्यासाठी अर्ज भरायचे असतात. गेल्या महिन्यात मी ती गल्ली केली. बाईंच्या घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी आपणहून सांगितलं, "त्या तं वारल्या नं, मॅडम." मी मान हलवली आणि पुढच्या घरी गेले.

अर्ज माझ्या पिशवीत आहे. मी तो भरलेला नाही. यादीत इंदूबाईंचं नाव आहे, वय अडुसष्ट, राहणार पांढुर्णा.